वेग वाढवायचाय? आधी वही काढा!

हॉस्टेलमध्ये ओव्हरक्लॉकिंगचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, "त्यात काय एवढं? बायोसमध्ये जायचं, आकडा वाढवायचा, सेव्ह करायचं, खतम!" दुसरी म्हणते, "नसते उद्योग सांगितलेत कुणी? घरच्यांनी हप्त्यावर मशीन घेऊन दिलंय, धूर निघाला म्हणजे?" स्टाफरूममध्ये मत घेतलं तर बहुतेक दुसरी पार्टी निवडून येईल. मला विचाराल तर दोघंही चुकतायत. पहिल्यांना हे शौर्य वाटतं, दुसऱ्यांना जुगार. खरं तर हे मोजमापाचं काम आहे, आणि बऱ्यापैकी कंटाळवाणं काम आहे. पण चार वर्षांत आपल्या हाताने, आपल्या जबाबदारीवर करता येतील असे जे मोजके प्रयोग आपल्या वाट्याला येतात, त्यातला हा एक आहे. म्हणून हा लेख.

(माझं शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा 'क्लॉक'ला, 'मल्टिप्लायर'ला शुद्ध मराठीत काय म्हणतात हे कृपया विचारू नये. आपण मेसच्या टेबलावर जे शब्द वापरतो तेच इथे वापरलेत.)

कंपनी हातचं राखून का ठेवते?

प्रोसेसरमधलं प्रत्येक काम एका ठेक्यावर चालतं. तो ठेका म्हणजे क्लॉक. मदरबोर्ड एक मूळ ठेका देतो, आजकाल साधारण १०० मेगाहर्ट्झचा, आणि प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. १०० गुणिले ३९ म्हणजे ३.९ गिगाहर्ट्झ. हा गुणणारा आकडा म्हणजे मल्टिप्लायर. तो कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वर नेणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. कल्पना एवढीच.

मग कंपनीच जास्त आकडा का देत नाही? कारण तिला एक चिप विकायची नसते, लाखो विकायच्या असतात. एकाच वेफरवरच्या दोन चिप्ससुद्धा अगदी सारख्या नसतात. आपल्या मेकॅनिकलवाल्यांना हे लगेच पटेल. पिस्टन आणि सिलिंडरचे बोअर मायक्रॉनमध्ये मोजून त्यांचे गट पाडतात आणि जुळणारे गट एकत्र बसवतात. मेट्रॉलॉजीच्या पुस्तकात त्याला सिलेक्टिव्ह असेंब्ली म्हणतात. चिप्सचंही तसंच. तपासून गट पाडतात आणि प्रत्येक गटावर असा आकडा छापतात की त्या गटातली सगळ्यात कमजोर चिपसुद्धा, सगळ्यात गरम खोलीत, साध्या कूलरवर, वर्षानुवर्षं तो आकडा पाळू शकेल. तुमच्या हातात आलेली चिप त्या गटातली सगळ्यात कमजोर नसेल, तर मध्ये थोडी जागा उरते. ओव्हरक्लॉकिंग करणारा ती जागा शोधतो. ती किती आहे हे कुठल्याच डब्यावर छापलेलं नसतं. मोजूनच कळतं.

एके काळी ही जागा भरपूर असायची. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा त्यातला सगळ्यात गाजलेला. ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्तातला प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर चालायचा आणि त्याचा मल्टिप्लायर ४.५ वर पक्का बसवलेला होता. लोकांनी बस १०० वर नेली आणि तो बऱ्याचदा सरळ ४५० वर चालू लागला. दीडपट वेग! २००० च्या आसपास एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉनवर तर लोक साध्या शिसपेन्सिलीने बारीक रेघा ओढून तुटलेले संपर्क जोडायचे आणि मल्टिप्लायर मोकळा करायचे. सीनियर लोकांच्या तोंडी ज्या दंतकथा आहेत, त्या त्या काळातल्या. ऐकायला मस्त आहेत, पण त्या जोरावर आजच्या मशीनला हात लावायला जाऊ नये. का, ते पुढे येतं.

पुण्याने निवडलेला दुसरा रस्ता

वेग वाढवायचा म्हणजे ठेका वाढवायचा, एवढा एकच मार्ग नाही, हे आपल्या शेजारच्या पुण्यानेच दाखवून दिलंय. अमेरिकेने हवा तेवढा शक्तिशाली क्रे संगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात एकच राक्षसी वेगाचा प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या बऱ्याच साध्या चिप्स एकमेकींना जोडून त्यांच्यात काम वाटून दिलेलं होतं. पुढे नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातच टाटांच्या कंपनीने उभारलेला 'एका' हा संगणक जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला, आशियात पहिला. तोही हजारो प्रोसेसरांचा मेळच.

आता यातली गंमत बघा. ती यादी ज्या चाचणीवर ठरते तिचं नाव लिनपॅक. दहावीत आपण दोन चलांची रेषीय समीकरणं सोडवली, तशीच अवाढव्य संख्येने चलं असलेली समीकरणं ती सोडवायला लावते आणि शेवटी उत्तर बरोबर आलं का तेही ताडून बघते. ओसीसीटीसारख्या ज्या सॉफ्टवेअरवर आपण रूममध्ये मशीनचा घाम काढतो, त्यातही लिनपॅक आहे. म्हणजे 'एका'ची परीक्षा आणि तुमच्या कॅबिनेटची परीक्षा एकाच जातीची. दोन्हीकडे नुसतं भराभर उत्तर दिलं म्हणून पास करत नाहीत, ते बरोबरही यावं लागतं.

नुसता ठेका वाढवण्याचा रस्ता पुढे प्रोसेसर कंपन्यांनाही जड गेला. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ जाहीर केला होता, तो ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द केला. गाडी ३.८ वर अडली आणि पुढच्या वर्षी दोन कोअरचे प्रोसेसर आले. अडवलं कशाने? उष्णतेने.

उष्णतेचं गणित

इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्याच वर्षात येणारं सूत्र आहे: स्विचिंगमध्ये खर्च होणारी वीज ही वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. परीक्षेत आपण ते लिहितो आणि विसरतो. इथे मात्र ते अंगाशी येतं, कारण वेग वाढवला की एका टप्प्यानंतर व्होल्टेजही वाढवावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. समजा प्रोसेसर ३.९ गिगाहर्ट्झवर १.२ व्होल्टला चालतोय. तो ४.१ वर न्यायला १.२७५ व्होल्ट लागले. वेग वाढला पाच टक्के. उष्णता? १.२७५ भागिले १.२ याचा वर्ग, गुणिले ४.१ भागिले ३.९. कॅल्क्युलेटर काढा, साधारण १.१९ येईल. वेग पाच टक्के, उष्णता एकोणीस टक्के! शंभर मिनिटांचं अ‍ॅनालिसिस पंचाण्णव मिनिटांत होईल, आणि त्या पाच मिनिटांसाठी कूलरला जवळपास पाचवा हिस्सा जास्त उष्णता बाहेर फेकावी लागेल.

ही उष्णता जाते कुठे? आपल्याच खोलीत. कुठलाही हवेवरचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक भाराला तो खोलीच्या तापमानापेक्षा साधारण ठरावीक अंशच वर राहतो. डिसेंबरात खोली २० अंशांवर असताना प्रोसेसर ७२ वर थांबला, म्हणजे फरक ५२ चा. तेच सेटिंग मे महिन्यात, दुपारी पत्रा तापून खोली ३८ वर गेली की ९० वर जाणार. बऱ्याच रायझन प्रोसेसरांची मर्यादा ९५ आहे. वर भोसरी-चाकण रस्त्याची धूळ कूलरच्या पात्यांत बसलेली असेल तर तेवढंही अंतर उरत नाही, मग प्रोसेसर स्वतःहून वेग खाली आणतो. म्हणजे कष्ट करून वाढवलेला वेग नेमका प्रोजेक्ट सबमिशनच्या महिन्यात गायब. थंडीत केलेलं ओव्हरक्लॉकिंग उन्हाळ्याचा हिशोब धरूनच करायला हवं. हा मुद्दा थंड हवेच्या देशांत लिहिलेल्या मार्गदर्शनात क्वचितच येतो, पण आपल्याकडे तोच सगळ्यात महत्त्वाचा.

हात लावण्यापूर्वी

सगळ्यात पहिला प्रश्न: मशीन कुणाचं? लॅबचं, ऑफिसचं किंवा रूममेटसोबत पैसे घालून घेतलेलं असेल तर विषय इथेच संपला, निदान बाकीच्यांनी हो म्हणेपर्यंत. वॉरंटी चालू असेल तर हेही ध्यानात ठेवा की ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान इंटेल किंवा एएमडी भरून देत नाहीत. आणि लॅपटॉपवाल्यांनी या वाटेला जाऊच नये. त्यात मोठा कूलर बसवायला जागा नसते आणि उष्णता आधीच काठावर असते.

दुसरा प्रश्न: जमतं का? इंटेलच्या बाबतीत प्रोसेसरच्या नावापुढे 'के' हवा आणि मदरबोर्डचा चिपसेट 'झेड' गटातला हवा. एएमडीचे बहुतेक रायझन मोकळे असतात आणि 'बी' किंवा 'एक्स' गटातले बोर्ड ते चालू देतात, 'ए' गटातले साधारणपणे नाही. सेकंडहँड असेंबल केलेलं मशीन असेल तर पावतीवर विसंबू नका, झाकण उघडून बोर्डावरचं नाव वाचा.

तिसरं, एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ओव्हरक्लॉकिंग म्हणजे टपावर सामान लादलेल्या जुन्या जीपने घाट चढणं. चांगला एसएमपीएस आणि बरा कूलर यांना पैसे नसतील तर आत्ता थांबा, पुढच्या सेमिस्टरला करा. कूलर काढून जुनी पेस्ट पुसून नवी लावा. तपकीर गल्लीत चक्कर मारायला तेवढंच निमित्त!

चौथं, वीज. प्लग तीन पिनांचा आहे म्हणजे अर्थिंग आहेच असं धरू नका. इलेक्ट्रिशियन काकांना एकदा तपासायला सांगा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर मशीन, इस्त्री आणि चोरून आणलेली कॉइल, असं नको. बायोस अपडेट करायचा असेल तर यूपीएसवर करा, आणि कृपा करून गुरुवारी करू नका! गुरुवार म्हणजे आपल्याकडे एमआयडीसीची सुट्टी आणि दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा वार. बायोस लिहीत असताना वीज गेली तर प्रोसेसर ठणठणीत आणि मदरबोर्ड दगड, अशी वेळ येऊ शकते.

पाचवं, प्रोजेक्टची फाईल, रिपोर्ट, फोटो, सगळं दुसऱ्या डिस्कवर. हे आधी. मग बाकीचं.

आता वही

वहीच्या पहिल्या पानावर तीन रेघा मारा. एक तापमानाची: पूर्ण भाराला यापुढे जायचं नाही. माझी ८५ अंशांवर आहे. दुसरी व्होल्टेजची. ही प्रत्येक पिढीच्या प्रोसेसरला वेगळी असते. त्या सेलेरॉन ३००ए चा मूळ व्होल्टेजच २ व्होल्ट होता, आजच्या चिपला तो दिला तर ती जागीच संपेल. आपल्याच मॉडेलचे आकडे शोधायचे आणि त्यातला सावध आकडा घ्यायचा. माझ्याकडे रायझन ५ ३६०० आहे आणि माझी रेघ १.२७५ वर आहे. तिसरी रेघ वेळेची: इतक्या दिवसांत झालं नाही तर मूळ सेटिंगवर परत. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात सुरुवातच नको.

रेघा आधी मारायच्या, कारण काम सुरू झालं की "अजून एकच पायरी" असं मन म्हणायला लागतं. 'अति तेथे माती' ही म्हण सगळ्यांना पाठ असते. अति कुठून सुरू होतं, ते आधी लिहून ठेवलेलं नसतं, एवढंच.

पहिल्या दिवशी काहीच बदलायचं नाही. मूळ सेटिंगवर सिनेबेंच तीनदा चालवा. एचडब्ल्यूइन्फो उघडून वेग, व्होल्टेज, तापमान लिहा. खोलीचं तापमानही लिहा, ते नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. मग प्राइम९५ अर्धा तास. मूळ सेटिंगवरच चूक आली तर मशीनमध्ये आधीपासून काहीतरी बिघाड आहे, तो आधी शोधा. रॅमचं एक्सएमपी बंद ठेवा, कारण तेही एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच. दोन्ही एकदम चालू असतील तर चूक कुणाची ते कळणार नाही.

मग पुढे. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका, बरेच बोर्ड ऑटोवर गरजेपेक्षा जास्त देतात. तो हाताने ठरवा, खालच्या बाजूने सुरुवात करा. मूळ १०० मेगाहर्ट्झला हात लावू नका, फक्त मल्टिप्लायर, आणि एका वेळी १०० मेगाहर्ट्झ. दहा-पंधरा मिनिटं चाचणी, आकडे वहीत, मग पुढची पायरी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम आपल्याला आठवीच्या विज्ञानात शिकवलेला असतो, फक्त तो कुठे वापरायची वेळ येत नाही.

कधी ना कधी मशीन हँग होईल, निळा स्क्रीन येईल किंवा प्राइम९५ एका कोअरवर चूक दाखवून थांबेल. घाबरायचं काही नाही, आपण त्याच्याच शोधात होतो. आता दोनच पर्याय: व्होल्टेज एक बारीक पायरी वर, किंवा वेग एक पायरी खाली. कुठलीही रेघ गाठली की दुसरा पर्याय. स्क्रीनच येत नसेल तर वीज बंद करून, प्लग काढून, मदरबोर्डवरच्या जम्परने किंवा बटण सेल थोडा वेळ काढून बायोस मूळ अवस्थेला आणता येतो. ही जागा आपल्या बोर्डावर कुठे आहे ते आधीच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

जिथे सगळं नीट चाललं, तिथून एक पायरी खाली या. तिथे अनेक तासांची शेवटची चाचणी, तीही रविवारी दुपारी, खोली सगळ्यात गरम असताना आणि तुम्ही खोलीत असताना. रात्री लावून झोपायचं नाही. शेजारी रूममेट झोपलेला असतो. माझ्या वहीत ४.१ च्या खाली ठळक रेघ आहे. आकडा बघून कुणी टाळ्या वाजवणार नाही, पण त्याच्या वर काय होतं हे मला माहीत आहे.

रीडिंग 'सेट' करता येत नाही

आता मूळ मुद्द्यावर येते. प्रॅक्टिकलला आपण काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तर आधीच माहीत असतं. सीनियरची फाईल असते. एखादं रीडिंग बाजूला पडलं तर ते 'सेट' करतो, ग्राफ सरळ येतो, सही मिळते. यात कुणा एकाचा दोष काढायचा नाहीये. बॅचमध्ये वीस जण, वेळ दोन तास आणि उपकरण एक, तिथे दुसरं काय होणार?

ओव्हरक्लॉकिंगमध्ये मात्र सीनियरची फाईल उपयोगी पडत नाही, कारण त्याची चिप वेगळी. उत्तर कुणालाच माहीत नसतं. रीडिंग खोटं लिहिलं तर फसवायचं कुणाला? मशीन हँग होतंच. आणि त्याहून वाईट, कधी कधी हँगही होत नाही. प्रोसेसर काठावर असेल तर तो चालू राहतो आणि हजारात एखादा आकडा चुकीचा देतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअर एररची नोंद कुठेतरी कोपऱ्यात पडलेली असते, कुणी बघत नाही. गेममध्ये एखादा पिक्सेल चुकला तर काय बिघडलं? पण त्याच मशीनवर कुणी फायनल इयरचं स्ट्रेस अ‍ॅनालिसिस चालवत असेल तर? मशीन बंद पडलं तर निदान कळतं. चुकीचं उत्तर नीटनेटक्या रिपोर्टमध्ये छापून येतं.

आपण ज्या पट्ट्यात राहतो तिथे या गोष्टीला फार महत्त्व आहे. एआरएआयचं केंद्र पुण्यात टेकडीवर आहे तसं चाकणलाही आहे. गाड्या, इंजिनं, सुटे भाग तपासणं हेच तिथलं काम. २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण अमेरिकेत बाहेर आलं. चाचणी चालू आहे हे गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी ठेवायचं. आपल्याकडे एआरएआयने तपासणी केली तेव्हा रस्त्यावरचे आणि प्रयोगशाळेतले आकडे जुळेनात, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावत असल्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीचा कारखाना आपल्या चाकणमध्ये आहे तिची ही गोष्ट. रीडिंग 'सेट' करणं हे प्रॅक्टिकलच्या फाईलपुरतं राहत नाही. उद्या आपल्यातलेच कित्येक जण या कारखान्यांच्या क्वालिटी विभागात बसणार आहेत. सवय कुठली घेऊन जायची ते आत्ता ठरतंय.

मग करावं की नाही?

नुसत्या वेगासाठी म्हणाल तर आज त्यात फारसा अर्थ उरलेला नाही. सेलेरॉनच्या काळातली जागा आता कंपन्या स्वतःच वापरतात. माझा ३६०० एका कोअरवर काम असेल तेव्हा स्वतःहून ४.२ पर्यंत जातो आणि सगळे कोअर कामाला लागले की खाली उतरतो. मी सगळे कोअर ४.१ वर बांधले की सिनेबेंचचा मोठा आकडा वाढतो, पण एकाच कोअरवर चालणारं काम उलट थोडं मंदावतं! हे वहीत दोन रकाने केले तरच दिसतं. नुसता स्क्रीनशॉट दाखवणाऱ्याला दिसत नाही.

आणि कंपनीसुद्धा काठाच्या जवळ गेली की काय होतं, हे २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर, कुणी हात न लावतासुद्धा, अस्थिर व्हायला लागले. मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. इंटेलला मायक्रोकोड बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. एवढी मोठी कंपनी, एवढ्या प्रयोगशाळा, तरी ही वेळ आली. तेव्हा "काही होत नाही रे" म्हणणाऱ्या मित्रावर किती भरवसा ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्यांदा उलटा प्रयोग करा. वेग तोच ठेवा आणि व्होल्टेज एकेक पायरी खाली आणा. मघाचंच सूत्र: १.२ वरून १.१ व्होल्टवर चिप टिकली तर त्याच वेगात उष्णता सोळा टक्के कमी. पद्धत तीच, वही तीच, चाचण्याही तेवढ्याच कडक. धोका मात्र पुष्कळ कमी. मे महिन्यात तीन जणांच्या खोलीत पंख्याखाली बसणाऱ्यांना सोळा टक्क्यांची किंमत सांगायला नको. हे जमलं की मग वर चढा.

शेवटी सरांना आणि मॅडमना एक विनंती. दर वर्षी लॅबमधले काही जुने डेस्कटॉप राइट-ऑफ होतात आणि स्टोअरमध्ये धूळ खात पडतात. त्यातले मदरबोर्ड मोकळे असलेले दोन-तीन आम्हाला द्या. दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींचे गट करा. प्रत्येक गटाने आपल्या चिपची मर्यादा शोधायची, वेग आणि उष्णता दोन्हीचे ग्राफ काढायचे, आणि मार्क मोठ्या आकड्याला न देता वहीला द्यायचे. फसलेली रीडिंग्ज वहीत नसतील तर शून्य. एखादा बोर्ड गेलाच, तर तो तसाही भंगारातच जाणार होता. आणि व्हायवाला एकच प्रश्न विचारा: "तू इथेच का थांबलास?" ज्याने स्वतः मोजलंय त्याला उत्तर देता येईल.

तोवर ज्यांना रूमवरच करून बघायचंय त्यांनी खुशाल करावं. वही दहा-वीस रुपयांना मिळते. पहिल्या पानावरच्या तीन रेघा मारून झाल्या की मग बायोस उघडा.